बोलता येतंय ना?

काकूंनी बारबेल खाली ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि तशाच ओणव्या राहिल्या. मला वाटलं, दम खातायत. "मस्त, काकू! अजून दोनच," असं मी म्हणालेसुद्धा. त्या काहीच बोलल्या नाहीत. मग चाचपडत बाजूच्या बाकावर बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, डोळ्यांपुढे अंधारी आली एकदम."

पाच-सात मिनिटांत त्यांना बरं वाटलं. पाणी प्यायल्या, घाम पुसला, उलट मलाच धीर दिला. आणि मग बोलण्याच्या ओघात म्हणाल्या, की बीपीची गोळी चालू आहे, चार वर्षं झाली. मी त्यांना तीन आठवडे डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बारबेल वाकून उचलणं, शिकवत होते. त्या तीन आठवड्यांत मी त्यांची पाठ, गुडघे, टाचा, नजर कुठे आहे, सगळं निरखलं होतं. औषधं कुठली चालू आहेत, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी तेव्हा ट्रेनर नव्हते. नऊ वर्षं नियमाने वजनं उचलत होते, वाचत होते, आणि जिममध्ये येणाऱ्या बायका हळूहळू मलाच विचारायला लागल्या होत्या. स्क्वॉट करताना गुडघे दुखतात, काय करू? हाताला ताकद कशी येईल? मी मनापासून सांगायचे. माझं सांगणं बहुतेकांना लागू पडायचं, म्हणून आत्मविश्वास वाढत गेला. काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, आईच्या मैत्रिणीसारख्या. "मलाही शिकव गं," म्हणाल्या तेव्हा मला किती आनंद झाला होता! त्या दिवशी घरी आले आणि रात्री उशिरापर्यंत एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. त्या सेटच्या आधी मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं होतं. हृदयाची गती शंभराच्या जराशी वर होती. मला वाटलं, काकू अजून पुरेशा जोराने करतच नाहीयेत. म्हणून तर मी वजन वाढवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "काकू, डॉक्टरांना विचारल्याशिवाय आता आपण काही करायचं नाही. आणि मी नीट शिकल्याशिवाय तुम्हाला शिकवणार नाही." त्यांना ते फार मनाला लागलं असावं. "एवढं काय झालंय?" म्हणाल्या. पण मला आतून कळलं होतं, की काय झालंय.

ट्रेनरचं सर्टिफिकेशन करायचं ठरवलं, आणि शोधायला बसले तेव्हा पहिल्या आठवड्यातच गोंधळून गेले. दोन दिवसांची कार्यशाळा, शेवटी प्रमाणपत्र. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, शेवटी प्रमाणपत्र. सहा महिन्यांचा अभ्यास आणि परीक्षा, शेवटी पुन्हा प्रमाणपत्रच. आपल्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द आहे आणि तिथेच घोटाळा होतो. हजर राहिल्याचं प्रमाणपत्र वेगळं आणि पात्र असल्याचं वेगळं. पहिल्यात, शिकवणारा म्हणतो की ही व्यक्ती माझ्यासमोर बसली होती. दुसऱ्यात, एखादी संस्था स्वतःचं नाव पणाला लावून म्हणते की या व्यक्तीच्या हाती दुसऱ्याचं शरीर द्यायला हरकत नाही. मी एका दोन दिवसांच्या कोर्सच्या माणसाला फोन करून विचारलं, "कोणी नापास होतं का तुमच्याकडे?" तो अभिमानाने म्हणाला, "आजवर एकही नाही." मी आभार मानून फोन ठेवला.

मग एक गोष्ट कळली, ती मला आधीच कोणीतरी सांगायला हवी होती. अमेरिकेत एनसीसीए नावाची एक यंत्रणा आहे, १९८७ साली सुरू झालेली. ती सर्टिफिकेशन देणाऱ्या संस्थांच्या परीक्षा तपासते. फक्त फिटनेसच्याच नव्हेत, आरोग्यसेवेतल्या अनेक व्यवसायांच्या. प्रश्न कसे तयार होतात, ते प्रत्यक्ष कामाशी जोडलेले आहेत का, पास होण्याची रेषा कशी ठरवली, परीक्षा आणि शिकवणी यांच्यात अंतर आहे का, असं सगळं. म्हणजे मान्यता मिळते ती परीक्षेला, पुस्तकाला किंवा व्हिडिओंना नव्हे. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त कोर्स' असं लिहिलेलं असतं, तेव्हा विचारायचं ते हेच: मान्यता नक्की कशाला, आणि कोणाची? या एका प्रश्नाने माझी यादी चाळीसवरून आठ-दहावर आली.

त्या आठ-दहांमधल्या चार संस्थांची नावं या क्षेत्रात कोणीही घेतं. एसीएसएम सगळ्यांत जुनी, १९५४ची. डॉक्टर आणि शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक यांनी उभी केलेली, आणि व्यायामाआधी कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं याबद्दलच्या तिच्या मार्गदर्शक सूचना बाकीच्या संस्थाही वापरतात. एनएससीए १९७८ची, खेळाडूंना ताकद मिळवून देणाऱ्या कोचेसनी सुरू केलेली. तिच्या पर्सनल ट्रेनर परीक्षेत व्हिडिओ आणि चित्रं दाखवून चूक ओळखायला सांगतात, हे मला फार आवडलं. नॅझम १९८७ची. तिची पाच टप्प्यांची पद्धत ठरलेली आहे: आधी स्थैर्य, मग ताकदीची सहनशक्ती, मग स्नायूंची वाढ, मग कमाल ताकद, शेवटी वेग आणि ताकद एकत्र. नवख्या ट्रेनरला हातात धरायला दोरी मिळते तिथे. आणि चौथी अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज, जिला सगळे 'एस' म्हणतात, १९८५ची.

लोक विचारतात, यातली चांगली कुठली. माझं मत असं, की या चारांपैकी कुठलीही घेतली तरी तुमची फसवणूक होत नाही. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. उद्या तुमच्यासमोर कोण उभं राहणार आहे? धावपटूंबरोबर काम करायचं असेल तर एनएससीएकडे जा, आणि पदवी हातात असेल तर तिची सीएससीएस ही खेळाडूंच्या कोचेससाठीची पुढची परीक्षाही डोळ्यांसमोर ठेवा. हृदयरोग्यांच्या, मधुमेहींच्या पुनर्वसनाकडे वळायचं असेल तर एसीएसएमचा पाया भक्कम आहे. माझ्यासमोर काकू होत्या. कधीच व्यायाम न केलेल्या, औषधं चालू असलेल्या, जिममध्ये येताना अंग चोरून येणाऱ्या बायका. एसच्या अभ्यासक्रमात माणसाशी बोलायचं कसं यावर मोठा भर आहे. त्यांच्या पद्धतीतली पहिली पायरीच 'विचारा' अशी आहे: ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही असा प्रश्न विचारा. दुसरी, आड येणाऱ्या गोष्टी दोघांनी मिळून बाजूला करा. तिसरी, पुढचं पाऊल एकत्र ठरवा. मी वाचलं आणि तीन आठवड्यांचं मौन आठवलं. पैसे भरले.

अभ्यास पहाटे करायचा ठरवलं. एकेचाळिसाव्या वर्षी पाठांतराला बसणं अवघड जातं. मन सारखं अर्थ मागतं. शरीररचनेच्या प्रकरणात अडकले. स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, आकसला की कुठलं हाड कुठे ओढतो, हे कागदावर काही केल्या राहीना. मग मी आरशासमोर उभी राहून स्वतःला चाचपत शिकले. अंगठा ताणला की मनगटापाशी वर येणारी शीर, चवड्यांवर उभं राहिलं की पोटरीचे दोन फुगवटे, बरगड्यांखाली खोकताना घट्ट होणारी बाजू.

आणि तेव्हा लक्षात आलं की आपल्या भाषेत शरीराचं किती बारीक ज्ञान आहे. खुबा, घोटा, चवडा, पोटरी, बगल, माकडहाड. दंडाचा स्नायू आवळला की जो गोळा वर येतो त्याला स्वतंत्र शब्द, बेटकुळी! पण याच भाषेने मला एक मोठी चूकही दाखवली. मी बायकांना डेडलिफ्ट शिकवताना सांगायचे, "कमरेतून वाका." आणि त्या पाठ गोल करून वाकायच्या. मला वाटायचं, यांना जमत नाही. पण 'कंबर' म्हटलं की माणूस हात कुठे लावतो? मागे, पाठीच्या खालच्या भागाला. त्यांनी मी सांगितलं तेच केलं होतं! वाकायला हवं होतं मांडी आणि ओटीपोट जिथे भेटतात त्या सांध्यातून, खुब्यातून. "खुब्यातून वाका, बसायला खुर्ची मागे आहे असं समजा," म्हटल्यावर त्याच बाईची पाठ सरळ राहते. पुस्तकात या हालचालीला इंग्रजी नाव आहे, ते मी परीक्षेसाठी पाठ केलं. शिकवताना मात्र खुबाच म्हणते.

रोज थोडा इतिहासही हाती लागायचा, आणि तो मला धरून ठेवायचा. वजन हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत आज इतकी साधी वाटते की ती कोणी शोधून काढली असेल असं मनातही येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर काम करत होता. दुखावलेल्या पायाला हलक्या हालचाली देत राहायच्या, असा तेव्हाचा रिवाज. डीलॉर्म स्वतः तरुणपणी संधिवाताच्या तापातून उठल्यावर वजनं उचलून बरा झालेला. त्याने सैनिकांना जड वजन दिलं, मोजून दिलं, आणि ताकद वाढेल तसं वाढवलं. दहा वेळाच उचलता येईल असं वजन शोधायचं, ही आजही जिममध्ये चालणारी रीत त्याने रूढ केली. म्हणजे आपण ज्याला जिमची गोष्ट समजतो, ती रुग्णालयातून आली. एका आजारी माणसाला स्वतःच्या अंगावर जे कळलं होतं, त्यातून आली. त्या पानावर मी बराच वेळ थांबले होते.

मग ते प्रकरण आलं, ज्याची मी वाट बघत होते आणि ज्याला घाबरतही होते.

जड वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो. घशाचं दार बंद करून आतून जोर लावतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव या क्रियेला आहे. त्याने पोट आणि पाठ घट्ट होते, कण्याला आधार मिळतो. तयार खेळाडू ते मुद्दाम करतात. पण छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. रक्तदाब आधी झपकन चढतो आणि श्वास सोडला की तितक्याच वेगाने खाली येतो. किती चढतो? १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी पाच बॉडीबिल्डर्सच्या हाताच्या धमनीत नळी घालून हे थेट मोजलं. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना, म्हणजे यंत्रावर बसून पायांनी वजन ढकलताना, अगदी शक्ती संपेपर्यंत, रक्तदाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. धडधाकट, सरावातल्या तरुणांचा. मी आकडा पुन्हा पुन्हा वाचला. काकूंचा चेहरा आठवला, उचलताना ओठ घट्ट मिटलेले, गाल लाल. मी त्याला जिद्द समजले होते.

घड्याळाचं कोडंही त्याच आठवड्यात सुटलं. हृदयाची कमाल गती म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र जिमच्या यंत्रांवर छापलेलं असतं, मीही ते डोळे झाकून वापरायचे. ते १९७१च्या सुमारास, वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून काढलेली ढोबळ रेषा आहे. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माहितीवरून दुसरं सूत्र दिलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. काकूंसाठी पहिल्याने १६२ येतात, दुसऱ्याने १६७. पण दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत, आणि एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. खरी गोष्ट तर पुढच्या परिच्छेदात होती. रक्तदाबावरच्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या हृदयाची गती फारशी वाढू देत नाहीत. माणूस पूर्ण जोर लावत असला तरी घड्याळातला आकडा खालीच राहतो. काकूंची गोळी याच गटातली होती, हे मी नंतर त्यांना विचारून खात्री करून घेतलं. त्या जीव तोडून उचलत होत्या आणि मी आकड्याकडे बघून वजन वाढवत होते.

मग अशा माणसाची मेहनत मोजायची कशी? गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ६ ते २० अशी एक पट्टी केली, माणसाने स्वतःच सांगायचं की किती कष्ट वाटतायत. आणि त्याहूनही साधी कसोटी म्हणजे बोलणं. चालताना, सायकल मारताना माणूस पूर्ण वाक्यं सहज बोलू शकतो, तोवर तो सोप्या पातळीवर आहे. बोलता येतं पण सुखाने नाही, तिथे पहिला उंबरठा. चार शब्दही एका दमात येत नाहीत, तिथे दुसरा. कारण व्यायामाची तीव्रता वाढली की शरीराला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी जास्त वेळा श्वास घ्यावा लागतो आणि बोलायला श्वास उरत नाही. एसच्या कार्डिओच्या आखणीचा पायाच या उंबरठ्यांवर आहे. यंत्र नको, सूत्र नको. फक्त समोरच्या माणसाला बोलू द्यायचं आणि ऐकायचं. बीपीची गोळी हृदयाच्या आकड्याला फसवते, बोलण्याला नाही.

परीक्षेआधी दोन महिने सराव चाचण्या द्यायला लागले. स्नायू, हालचाली, प्रोग्रॅम आखणं यात चांगले गुण पडत होते. सगळ्यांत कमी पडायचे ते संवाद आणि कामाची मर्यादा या भागांत, जे मी सोपं म्हणून वरवर वाचलं होतं. प्रश्न साधारण असे असतात: एका बाईंना पायऱ्या चढताना गुडघा दुखतो, वजन कमी करायचंय, दोनदा व्यायाम सोडून झालाय, तर तुम्ही सगळ्यांत आधी काय कराल? चार उत्तरं. त्यात एक सुंदर व्यायामांची यादी असते आणि मी दर वेळी त्यावरच जायचे. बरोबर उत्तर असायचं, विचारा. किंवा, डॉक्टरकडे पाठवा. 'सगळ्यांत आधी' हे शब्द मी वाचायचे आणि विसरून जायचे. सहा-सात चाचण्या अशा गेल्यावर मला दिसलं, की हा अभ्यासातला कच्चेपणा नाही, माझा स्वभाव आहे. मला उत्तर द्यायची घाई असते. ज्याला मी मदत म्हणते त्यात बऱ्याचदा माझंच समाधान जास्त असतं.

हे बदलायला वहिनींनी मदत केली. त्यांना व्यायामाची मुळीच आवड नाही, म्हणून मी त्यांनाच सरावासाठी विनंती केली. दर रविवारी अर्धा तास त्या क्लायंट, मी ट्रेनर. नियम एकच: पहिली पंधरा मिनिटं मी एकही सल्ला द्यायचा नाही. पहिल्या रविवारी मी चौथ्या मिनिटाला म्हणाले, "रोज वीस मिनिटं चालत जा ना." वहिनी म्हणाल्या, "बघ, झालं तुझं सुरू." दुसऱ्या रविवारी जरा बरं गेलं. माणूस बदलतो तो टप्प्यांनी, असं प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या दोघांनी धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून मांडलं. ज्याच्या मनात अजून विचारही आलेला नाही, त्याला आठवड्याचा तक्ता दिला तर तो पाठ फिरवतो. वहिनी कुठल्या टप्प्यावर आहेत, हे त्यांना पंधरा वर्षं ओळखूनही मला माहीत नव्हतं. पाचव्या रविवारी मी विचारलं, "तुम्हाला शरीराकडून काय हवंय, वहिनी?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मीही गप्प बसले, आणि माझ्यासाठी ते गप्प बसणं कुठल्याही स्क्वॉटपेक्षा जड होतं. मग त्या म्हणाल्या, "बाळंतपणानंतर मी खोकताना, हसताना सावरून बसते. तेरा वर्षं झाली. त्याची भीती जायला हवी." हे त्यांनी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. मी त्यांना कुठलाही व्यायाम सांगितला नाही. डॉक्टरांकडे आणि त्या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं, पहिल्या वेळी सोबत गेले.

'हे माझं काम नाही' हे वाक्य या व्यवसायात किती महत्त्वाचं आहे, ते मला त्या रविवारी समजलं. ट्रेनरने निदान करायचं नाही. दुखणं बरं करण्याचा दावा करायचा नाही. आजारासाठी आहाराचा तक्ता लिहून द्यायचा नाही, गोळ्या-पावडरी लिहून द्यायच्या नाहीत. वाचताना हे सगळं नकारांचं प्रकरण वाटतं. पण ज्याला आपली हद्द ठाऊक आहे, तोच समोरच्याला योग्य दारापर्यंत नेऊन पोचवतो.

परीक्षेसाठी सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून श्वास देणं) आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) यांचं प्रमाणपत्रही लागतं. ते प्रशिक्षण एका दिवसाचं होतं, आणि पुतळ्यावर गुडघे टेकून बसले तेव्हा हात थरथरत होते. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, कोपर सरळ, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तीस दाब, दोन श्वास. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मोठ्याने मोजा. मोजलं नाहीत तर वेग वाढतो आणि हात उथळ पडतात." एवढी वर्षं वजनं उचलूनही दोन मिनिटांत माझे दंड भरून आले, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायला सांगतात. ज्यांच्यावर कोणाच्या शरीराची जबाबदारी आहे, त्या प्रत्येकाने हा एक दिवस द्यावा, सर्टिफिकेशन करायचं असो वा नसो.

परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्न. त्यातले १२५च गुणांत धरतात, बाकीचे पुढच्या परीक्षांसाठी तपासून बघायला घातलेले असतात, आणि कुठले ते कळत नाही. २०० ते ८००च्या पट्टीवर ५०० मिळवायचे. मी प्रत्येक प्रश्नात 'आधी' हा शब्द शोधत होते. पास झाले. घरच्यांना कळवलं, काकूंना मात्र लगेच सांगितलं नाही.

एक गोष्ट मनात राहून गेली आहे, ती इथे सांगायलाच हवी. या सगळ्या परीक्षेत मला शिकवताना कोणी पाहिलं नाही. माझा हात काकूंच्या पाठीवर कुठे असतो, सूचना देताना माझा आवाज चढतो का, कोणी घाबरलं तर माझ्या लक्षात येतं का, हे पडद्यावरच्या चार पर्यायांत मावत नाही. पास झाल्यावर मी एका अनुभवी ट्रेनरच्या मागे चार महिने उभी राहिले, बिनपगारी, तिची सेशन्स बघत. ती पहिल्या भेटीत वजनांना हातही लावू देत नसे. माणूस दारातून कसा चालत येतो, बूट काढताना कुठे आधार घेतो, खुर्चीतून उठताना हात टेकतो का, एवढं बघूनच तिचं निम्मं मूल्यमापन झालेलं असायचं. नव्या ट्रेनर्सना मी आग्रहाने सांगते, परीक्षेच्या तयारीइतकेच महिने अशा कोणाच्या तरी सावलीत काढा. आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी वीस तासांचं शिक्षण घ्यावं लागतं, ते सोप्यात सोपे कोर्स शोधून उरकू नका.

काकू आठ महिन्यांनी परत आल्या. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती: व्यायामाला हरकत नाही, मध्यम जोर, श्वास रोखायचा नाही. मी त्यांना समोर बसवून प्रश्नावली काढली. कधी छातीत दुखलं होतं का, चक्कर येऊन तोल गेला होता का, हाडांचं काही दुखणं, कुठली औषधं. शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. "हे तू तेव्हा विचारलं नव्हतंस," म्हणाल्या. रागाने नाही. मी म्हटलं, "नाही विचारलं, काकू. चुकलंच माझं." त्यांनी चष्मा नीट केला आणि गोळीचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

आम्ही रिकाम्या काठीपासून सुरुवात केली. "खुब्यातून वाका. आणि उचलताना मोठ्याने मोजायचं," मी सांगितलं. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही.

"एक," काकू म्हणाल्या. आवाज जरा बुजरा होता, शेजारच्या बाईने वळून बघितलं. "दोन. तीन." चौथ्याला सूर लागला. सहानंतर त्या अचानक गप्प झाल्या. माझा हात नकळत काठीकडे गेला. "काकू?"

"अगं, ठीक आहे मी. मोजायचंच विसरले."

"बसा जरा तरी."

बसल्या, आणि बसल्या बसल्या मुलीच्या नव्या घराबद्दल सांगायला लागल्या: खिडक्या कुठे आहेत, ऊन कुठून येतं, तिच्या सासूबाईंना कुठली खोली दिली. मोठी मोठी वाक्यं, मध्ये कुठेही न अडखळता. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ माझ्याच बाजूला होतं. मी ऐकत राहिले.